वाघाला लहान, बुलबुलाला मोठी

पूर्वी घरातला कॅमेरा लोखंडी कपाटात, वरच्या कप्प्यात, रुमालात गुंडाळून ठेवलेला असायचा. लग्नकार्य, बारसं, सहल असलं की तो बाहेर यायचा आणि फोटो काढायचा मान घरातल्या पुरुषमाणसाचा. रोल छत्तीस फोटोंचा. एखादा वाया गेला तर बोलणी खावी लागत, म्हणून बायका त्याच्या वाटेला जातच नसत.

मोबाइल आला आणि हे सगळं बदललं. गच्चीवर वाळवण घालताना दिसलेला भारद्वाज, जास्वंदीवर आलेला शिंजीर, शेताच्या बांधावरचा नीलपंख... आता आपण झटकन फोटो काढतो आणि मैत्रिणींना पाठवतो. पण पाठवताना खाली लिहावं लागतं, “डावीकडच्या फांदीवर बघ, तो काळा ठिपका आहे ना, तोच!” मोबाइलची मर्यादा इथे कळते. शिवाय ताडोबासारख्या व्याघ्रप्रकल्पात सफारीला मोबाइल आत नेताच येत नाही. मग मनात येतं, आपणही एक चांगला कॅमेरा घ्यावा का?

घ्यावा की! पण मैत्रिणींनो, हा प्रश्न नुसता कॅमेऱ्याचा नसतो, पैशांचाही असतो. घरातल्या मोटारसायकलचं मॉडेल बदलताना फारशी चर्चा होत नाही. बाईने स्वतःच्या हौसेसाठी भिशीचे किंवा आरडीचे पैसे काढले की मात्र घरातले सगळे हिशेबनीस होतात. आमच्या महिला मंडळातल्या एका शिक्षिकेने दोन वर्षं पैसे साठवून कॅमेरा घेतला. दुकानदाराने मेगापिक्सेलचे आकडे सांगितले, महागातली बॉडी गळ्यात मारली आणि सोबत नेहमीची १८-५५ मिलिमीटरची लहान लेन्स दिली. तळ्यावर गेल्यावर पक्षी होते तिथेच राहिले, ठिपक्याएवढे. पुन्हा दुकानात गेल्यावर तिला “याने दुप्पट जवळ दिसतं” म्हणून एक स्वस्तातला टेलिकन्व्हर्टर देण्यात आला. तो लावल्यावर फोकसच होईना. आता तो कॅमेरा कपाटात आहे आणि घरात “सांगितलं होतं ना” हे वाक्य आहे. नुकसान फक्त पैशांचं झालं नाही. पुढच्या वेळी तिला स्वतःसाठी काही मागायचं असेल तर जीभ अडखळणार, हे खरं नुकसान. म्हणूनच दुकानात जाण्याआधी थोडं समजून घेऊ या. यात दहावीच्या गणितापलीकडचं काही नाही.

तीन वस्तू, तीन कामं

कॅमेऱ्याची बॉडी म्हणजे मुख्य यंत्र. तिच्यात सेन्सर असतो आणि त्यावर चित्र उमटतं. लेन्स लांबचं दृश्य गोळा करून त्या सेन्सरवर आणून सोडते. टेलिफोटो म्हणजे लांबचं मोठं करून दाखवणारी लेन्स. तिच्यावरचा मिलिमीटरचा आकडा जितका जास्त, तितकं दृश्य जवळ येतं. टेलिकन्व्हर्टर हे बॉडी आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारं लहानसं जोडभिंग. १.४ पट आणि २ पट असे त्याचे मुख्य प्रकार. लेन्सने आणलेलं चित्र ते आणखी मोठं करतं.

आता पहिला प्रश्न, किती मिलिमीटरची लेन्स घ्यायची? बहुतेकींना वाटतं, वाघासाठी सगळ्यात मोठी लागत असेल आणि पक्ष्यांना लहान चालेल. प्रत्यक्षात उलटं आहे.

साधा गुणाकार-भागाकार करू. प्राण्याची लांबी गुणिले लेन्सचे मिलिमीटर भागिले आपल्यापासूनचं अंतर, की सेन्सरवर उमटणाऱ्या चित्राचा आकार मिळतो. आपल्या बजेटमधल्या बहुतेक कॅमेऱ्यांत एपीएस-सी नावाचा सेन्सर असतो. तो साधारण २४ मिलिमीटर रुंद आणि १६ मिलिमीटर उंच. बुलबुल असतो वीस सेंटिमीटरचा. तो दहा मीटरवर बसलाय आणि आपल्याकडे ३०० मिलिमीटरची लेन्स आहे, तर चित्र येईल ६ मिलिमीटरचं, म्हणजे चौकटीचा पाव भाग. ६०० मिलिमीटरने तो अर्ध्या चौकटीत येईल. आणि ५५ मिलिमीटरने? जेमतेम एक मिलिमीटर. त्या शिक्षिकेच्या फोटोतले ठिपके ते हेच.

आता वाघ घ्या. शेपूट सोडून पावणेदोन मीटरचा धरू. तो तीस मीटरवर आडवा उभा आहे आणि आपली लेन्स तीच ३०० मिलिमीटरची. चित्र येतं साडेसतरा मिलिमीटरचं, जवळजवळ पाऊण चौकट भरते. तोच वाघ रस्त्याने चालत जिप्सीपासून पंधरा मीटरवर आला तर ३०० मिलिमीटरमध्येसुद्धा तो पुरता मावत नाही! अशा वेळी ६०० मिलिमीटरवाल्याला नुसत्या मिशा मिळतात. उजनीच्या पाण्यावर भिगवणला होडीतून रोहित पक्षी बघताना हिशेब पुन्हा वेगळा. उभा रोहित सव्वा मीटरचा धरला तर पन्नास मीटरवरून ४०० मिलिमीटरची लेन्स त्याला दहा मिलिमीटर उंच दाखवते, म्हणजे उभ्या चौकटीचा निम्म्याहून थोडा जास्त भाग. बरोबर आलेली पोरंबाळं घेऊन थवा टिपायचा तर तेही भरपूर.

म्हणून दुकानदाराने “काय घेणार?” विचारण्याआधी आपणच स्वतःला विचारायचं, मी काय टिपणार आहे आणि किती लांबून? वर्षातून एकदा ताडोबा किंवा पेंच आणि एरवी घरचे कार्यक्रम, असं असेल तर ७०-३०० किंवा १००-४०० ही झूम लेन्स पुरेशी. परसातले आणि माळरानावरचे लहान पक्षी हीच आवड असेल तर ४०० ते ६०० लागते.

एक गंमत दुकानात ऐकायला मिळेल. “या कॅमेऱ्यावर ३०० ची लेन्स ४५० ची होते.” लेन्स काही वाढत नाही हं. एपीएस-सी सेन्सर मोठ्या, म्हणजे फुल फ्रेम सेन्सरपेक्षा लहान असतो, त्यामुळे दृश्याचा मधलाच भाग त्यावर येतो आणि फोटो जवळून काढल्यासारखा वाटतो. हा फरक निकॉन आणि सोनीत दीडपट, कॅननमध्ये १.६ पट. फुल फ्रेम कॅमेरा कमी उजेडात सरस असतो, पण तो महाग आणि त्याला तितकं जवळ दाखवायला लेन्सही मोठीच लागते. हौसेने सुरुवात करणारीला एपीएस-सी सोयीचा.

रुपयातले दहा आणे लेन्सला

जुनी माणसं म्हणायची तसं सांगायचं तर रुपयातले दहा आणे लेन्सला ठेवा आणि सहा आणे बॉडीला. बॉडीची नवी मॉडेल्स दर दोन-चार वर्षांनी येतात आणि जुनीची किंमत उतरते. चांगली लेन्स नीट वापरली तर पंधरा-वीस वर्षं साथ देते.

लेन्सवर मिलिमीटरशिवाय आणखी एक आकडा असतो, एफ ४, एफ ५.६, एफ ८ असा. हा उजेडाचा आकडा. तो अपूर्णांकाचा छेद आहे, त्यामुळे आकडा मोठा तितकं छिद्र लहान आणि उजेड कमी. एफ ५.६ पेक्षा एफ ८ ला निम्मा उजेड आत येतो आणि एफ ११ ला पाव. जंगलातले प्राणी पहाटे आणि संध्याकाळी बाहेर पडतात, म्हणजे नेमका उजेड कमी असतो तेव्हा. म्हणून आपण लेन्ससाठी जे पैसे मोजतो ते मुख्यतः या उजेडाचे असतात. व्यावसायिक छायाचित्रकारांची ६०० मिलिमीटर एफ ४ लेन्स तुम्ही पाहिली असेल, बादलीएवढी. तिच्या किमतीत चारचाकी येते. तिच्याकडे बघून हिरमुसायचं कारण नाही.

आपल्या आवाक्यातली काही नावं सांगते. कॅननची आरएफ १००-४०० ही २०२१ मध्ये आलेली लेन्स वजनाला अवघी ६३५ ग्रॅम आहे. उजेड कमी घेते (एफ ५.६ ते ८), पण दिवसभर गळ्यात वागवता येते. सिग्मा आणि टॅमरॉन या कंपन्यांच्या १५०-६०० लेन्स पक्षीवेड्यांत लोकप्रिय आहेत. वजन दोन किलोच्या आसपास. निकॉनची २०१५ मध्ये आलेली २००-५०० एफ ५.६ ही सव्वादोन किलोहून जास्त. कॅननची जुनी ४०० एफ ५.६ सव्वा किलोची आणि चित्र अगदी लख्ख, पण हाताची थरथर सांभाळायची सोय तिच्यात नाही. ही सोय म्हणजे स्टॅबिलायझेशन. मात्र ती आपला हात सावरते, पक्ष्याची हालचाल नाही. उडत्या पक्ष्याला शटर एक हजारांश सेकंदापेक्षा वेगवान ठेवावंच लागतं.

आणि ज्यांना लेन्स बदलण्याची कटकट नको, त्यांच्यासाठी ब्रिज कॅमेरे आहेत. लेन्स कायमची जोडलेली. निकॉनचा पी ९५० यातलाच, साधारण एक किलोचा आणि ८३ पट झूमचा. त्याचा सेन्सर नखाएवढा, त्यामुळे पहाटेच्या अंधूक उजेडात चित्र रवाळ येतं. पण स्वच्छ उन्हात तळ्यापलीकडचा पक्षी ओळखायचा, नोंद ठेवायची, तर हा उत्तम सोबती. पक्षी बघायला आवडतात पण कॅमेऱ्याच्या तंत्रात फार शिरायचं नाही, अशा मैत्रिणीने यात काही कमीपणा मानू नये.

फुकट काही मिळत नाही

आता टेलिकन्व्हर्टर. कागदावर हा मोठा किफायतशीर वाटतो. ३०० ची लेन्स २ पटीच्या कन्व्हर्टरने ६०० ची झाली, मग मोठी लेन्स घ्यायचीच कशाला? पण तो पाणी घालून आमटी वाढवण्यासारखा प्रकार आहे. १.४ पटीचा कन्व्हर्टर निम्मा उजेड खातो, २ पटीचा पाऊण उजेड खातो. ४०० मिलिमीटर एफ ५.६ ची लेन्स एकाने ५६० एफ ८ होते, दुसऱ्याने ८०० एफ ११.

याचा अर्थ काय, ते जंगलात कळतं. समजा, सकाळच्या उजेडात एफ ५.६ वर, आयएसओ १६०० ठेवून, एक पाचशेांश सेकंदात आपल्याला बरा फोटो मिळतोय. १.४ चा कन्व्हर्टर लावला की एक तर आयएसओ ३२०० करा म्हणजे चित्र रवाळ होणार, नाहीतर शटर निम्मं हळू करा म्हणजे चालता प्राणी पुसट होणार. २ पटीला आयएसओ थेट ६४००. शिवाय लेन्समध्ये असलेले बारीकसारीक दोषही तितकेच मोठे होऊन दिसतात.

मग कन्व्हर्टर घ्यायचाच नाही का? तसंही नाही. ज्यांच्याकडे एफ २.८ किंवा एफ ४ ची उत्तम लेन्स आहे, त्यांना १.४ चा कन्व्हर्टर खरोखर उपयोगी पडतो. ३०० एफ ४ त्याने ४२० एफ ५.६ होते आणि पिशवीत जेमतेम वाटीएवढी जागा लागते. पण घेण्याआधी तीन गोष्टी विचाराच.

एक, तो माझ्या लेन्सवर बसतो का? कंपन्यांचे कन्व्हर्टर ठरावीक लेन्सनाच बसतात. कॅननच्या डीएसएलआर काळातल्या ७०-३०० लेन्सवर कॅननचाच कन्व्हर्टर बसत नाही, कारण त्याचं पुढे आलेलं भिंग आत शिरायला जागाच नसते. दोन, लावल्यावर ऑटोफोकस चालतो का? जुन्या डीएसएलआरपैकी पुष्कळांचा ऑटोफोकस एफ ५.६ च्या पुढे अडखळतो, काही एफ ८ पर्यंत जातात. नवे मिररलेस कॅमेरे एफ ११ लाही फोकस करतात, पण उजेड लागतोच. तीन, हा मागे बसणारा आहे की पुढे आटे पाडून लावायचा? लेन्सच्या पुढे लावायचे स्वस्त काचेचे तुकडे ‘टेली’ म्हणून विकले जातात, त्यांच्या नादी लागू नका.

आणि एक गुपित सांगते. फोटो काढून झाल्यावर कडेचा भाग कापून मधला ठेवला, तरी १.४ पटीइतकं मोठं चित्र मिळतं. २४ मेगापिक्सेलचा फोटो असा कापला तर बारा मेगापिक्सेल उरतात. ए-फोर कागदावर उत्तम प्रिंट काढायला नऊ पुरतात. मग मेगापिक्सेलच्या आकड्याला किती भुलायचं, ते तुम्हीच ठरवा.

बॉडी घेताना

कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी २०२० नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही, त्यांचा सगळा भर मिररलेसवर आहे. मिररलेस हलके, आणि नव्या मॉडेल्समध्ये प्राण्या-पक्ष्याचा डोळा ओळखून त्यावर फोकस धरून ठेवायची सोय असते. पानांआडच्या पक्ष्यासाठी ती मोठीच मदत. कॅननचा आर १० (२०२२), निकॉनचा झेड ५० टू (२०२४) ही अशी उदाहरणं.

दुसरीकडे, या बदलामुळे वापरलेले डीएसएलआर आणि त्यांच्या लेन्स बाजारात पुष्कळ आल्या आहेत. कॅननचा सेव्हन डी मार्क टू (२०१४) किंवा निकॉनचा डी ५०० (२०१६) हे वन्यजीव छायाचित्रणासाठी नावाजलेले कॅमेरे. पैसे बेताचे असतील तर हा मार्ग शहाणपणाचा, फक्त डोळे उघडे ठेवून. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या लहान बॉडींत फोकसची मोटर नसते, त्यामुळे जुन्या ‘एएफ-डी’ लेन्स त्यांच्यावर आपोआप फोकस करत नाहीत. वापरलेली लेन्स घेताना एका बाजूने टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी. कोकणातल्या मैत्रिणींनी हे जास्तच बघावं. घरी आणल्यावरही लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावी. बॉडीने आजवर किती फोटो काढलेत, म्हणजे शटर काउंट किती, तेही विचारायचं. मीटर न बघता जुनी गाडी आपण घेतो का?

वजनाचा प्रश्न आपल्यासाठी खरा असतो. सव्वादोन किलोची लेन्स दुकानात उचलणं वेगळं आणि तीन तास सांभाळणं वेगळं. यावर उपाय आपल्या शिवणयंत्रावर आहे. जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवा, एका बाजूला चेन लावा. जाताना ती रिकामी घडी करून न्यायची, मुक्कामी पोहोचलं की दोन-तीन किलो तांदूळ किंवा हरभरे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आत भरायचे. जिप्सीच्या कडेवर ठेवून त्यावर लेन्स टेकवली की हात दुखत नाही आणि फोटोही हलत नाही. येताना त्याच तांदळाची खिचडी!

पुणे, मुंबई, नागपूरकडे लेन्स भाड्यानेही मिळतात. अनामत आणि ओळखपत्र लागतं. विकत घेण्याआधी दोन दिवस भाड्याची लेन्स वापरून बघितली तर आपल्याला किती मिलिमीटर लागते आणि किती वजन पेलतं, दोन्ही कळतं. दोघी-तिघींनी मिळून नेली तर भाडंही वाटून जातं.

मोठी लेन्स कशासाठी?

लांबची लेन्स घ्यायची ती आपण लांब राहावं म्हणून. लेन्स कमी पडली की पाऊल पुढे पडतं, आणि तिथेच घात होतो. घरट्याजवळ गेलो तर पक्षीण उठून जाते, उघड्यावर पडलेली अंडी उन्हाने तापतात किंवा कावळ्याच्या नजरेला पडतात. वाघाच्या फोटोसाठी “अजून थोडी पुढे घ्या” म्हणून चालकाच्या मागे लागणारे पर्यटक आपण पाहतोच. पक्षी मान वर करून आपल्याकडे बघायला लागला, खायचं थांबवलं, की समजायचं, आपण फार जवळ आलो. तिथून मागे यायचं. फोटो लहान आला तर येऊ दे.

आणि प्रत्येक चांगल्या फोटोला मोठी लेन्स लागते असंही नाही. पनवेलच्या ऐश्वर्या श्रीधर यांना २०२० च्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत मोठ्यांच्या गटात गौरव मिळाला. तिथवर पोहोचलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला. फोटो कशाचा होता? भंडारदऱ्याजवळ काजव्यांनी उजळलेल्या झाडाचा, वर ताऱ्यांनी भरलेलं आकाश. असं दृश्य टेलिफोटोत मावतच नाही. त्यासाठी पावसाळ्याच्या तोंडावर रात्री जंगलात जाऊन थांबावं लागतं.

तर मैत्रिणींनो, दुकानात जाण्याआधी एका कागदावर चार ओळी लिहा. काय टिपणार, किती लांबून, किती वजन पेलेल आणि पैसे किती. दुकानदाराने काहीही सांगितलं तरी कागद खिशात घालायचा नाही. स्वतःचं मेमरी कार्ड सोबत न्या. जी लेन्स घ्यायची ती त्यांच्याच कॅमेऱ्यावर लावायला सांगा, दुकानाबाहेर या आणि रस्त्यापलीकडच्या तारेवरच्या कावळ्याचे दहा-बारा फोटो काढा. कन्व्हर्टर दाखवत असतील तर तो लावून आणखी दहा. घरी येऊन संगणकावर मोठे करून बघा, कावळ्याचा डोळा स्पष्ट आलाय का. आला असेल तर दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन जा.